बोलीच्या आधी वस्ती

विलेपार्ल्याला विमानतळाला खेटून उभी असलेली किंगफिशर हाउस ही इमारत बँकांनी मार्च २०१६ मध्ये लिलावात काढली, तेव्हा तिची राखीव किंमत होती १५० कोटी रुपये. एकही बोली आली नाही. ऑगस्टमध्ये किंमत १३५ कोटींवर आणली, डिसेंबरात ११५ कोटींवर, पुढच्या मार्चमध्ये १०३ कोटी ५० लाखांवर. तरी कोणी फिरकले नाही. अखेर २०२१ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने ती ५२ कोटी २५ लाखांना घेतली. मुंबईत, हमरस्त्याच्या हाकेच्या अंतरावर असलेल्या एवढ्या मोठ्या जागेची पहिल्या राखीव किमतीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात विक्री व्हावी, याचे अनेकांना नवल वाटले. पार्ल्यातल्या बिल्डरांना वाटले नसणार. विमानांच्या मार्गाखाली इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते आणि पाडून नवे उंच बांधायला वाव राहत नाही, हे त्या भागात धंदा करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कागदावर किंमत चौरस मीटरची होती. गिऱ्हाइकाने मात्र आकाशाकडे पाहून हिशेब केला.

किंगफिशरच्या विजय मल्ल्यांची ही इमारत म्हणजे बडे प्रकरण. पण तोच हिशेब आज बदलापूरच्या वन बीएचकेला, कोल्हापूरच्या रो-हाउसला आणि चाकणच्या शेडला लागू आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात छापलेल्या ‘जाहीर लिलाव’ नोटिसा पूर्वी फक्त दलाल आणि वकील वाचत. आता नोकरदार माणूस वाचतो. सरकारी बँकांच्या लिलावासाठी ‘बँकनेट’ हे पोर्टल जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले, त्यामुळे घरबसल्या शेकडो मालमत्ता चाळता येतात, बोलीही मोबाइलवरून लावता येते. ‘बाजारभावापेक्षा स्वस्त’ एवढे दोन शब्द ऐकले की पुढचे ऐकायला कोणी थांबत नाही. ती स्वस्ताई फुकटची नसते, असे माझे मत आहे. नेहमीच्या खरेदीत विकणारा मालक, दलाल, सोसायटी आणि कर्ज देणारी बँक मिळून जी चौकशी करून देतात, ती सगळी लिलावात घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. किमतीतली सूट म्हणजे या चौकशीची मजुरी. चौकशी न करता सूट घ्यायला गेलेला माणूस ती नंतर व्याजासकट परत करतो.

बँकेचे बंधन यात किती, हेही पाहून ठेवावे. २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे विक्रीच्या नोटिशीत मालमत्तेचे वर्णन, थकबाकी, राखीव किंमत, इसाऱ्याची रक्कम आणि बँकेला माहीत असलेले बोजे द्यावे लागतात. जे तिला माहीत नाही, त्याची जबाबदारी ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ या ओळीने झटकलेली असते. कर्ज दिले तेव्हा दहा वर्षांपूर्वी कोण्या अभियंत्याने जागा पाहिली, थकल्यावर एका मूल्यांककाने पाहिली. मधल्या काळात शेजारी नाला वळवला की बाजूच्या प्लॉटवर पत्र्याची वस्ती उभी राहिली, हे फायलीत येत नाही.

लिलाव तितके प्रकार. सर्वांत जास्त नोटिसा दिसतात त्या सरफेसीच्या. यात कोर्टाची पायरी न चढता बँक स्वतःच तारण विकते. कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग विक्री. सहकारी बँकांनाही हे हत्यार चालते का, यावर बराच काळ वाद होता. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मिटवला, आणि ते प्रकरण आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेचे होते. पतसंस्था मात्र सहकार कायद्याच्या कलम १५६ आणि नियम १०७ च्या वाटेने वसुली करतात. त्यांचे लिलाव बहुधा तालुक्याच्या गावी, विशेष वसुली अधिकाऱ्याच्या टेबलासमोर होतात. याखेरीज कर्जवसुली न्यायाधिकरणाचे, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचे, आयकर खात्याचे आणि तस्करांच्या जप्त मालमत्तांचे लिलाव असतात. शेतजमिनीच्या तारणाला सरफेसी लागू होत नाही, हे लक्षात असू द्यावे. नोटिशीत सरफेसी म्हटले आहे आणि सातबाऱ्यावर ऊस उभा आहे, असे दिसले तर त्या विक्रीच्या मुळाशीच भांडण आहे असे समजावे.

आता पैशाचे वेळापत्रक. समजा पुण्यातल्या एका फ्लॅटची राखीव किंमत ४० लाख आहे. बहुतेक बँका दहा टक्के इसारा मागतात, म्हणजे चार लाख आधीच भरायचे. बोली ४२ लाखांवर तुमच्या नावाने सुटली, की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी इसारा धरून २५ टक्के, म्हणजे साडेदहा लाख पुरे करायचे. विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत उरलेले साडेएकतीस लाख. बँक लेखी राजी असेल तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. त्यावर शहरात सात टक्के मुद्रांक, म्हणजे २ लाख ९४ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. घर बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. पंधरा दिवसांत गृहकर्ज मंजूर करून पैसे हातात देणारी बँक मिळणे अवघड, विशेषतः ताबा अजून कर्जदाराकडे असेल तर. पैसे भरता आले नाहीत तर काय होते, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. बोली जिंकणाऱ्याने भरलेले २५ टक्के, तीन कोटींहून अधिक रुपये, बँकेने जप्त केले होते. पुढे तीच मालमत्ता जास्त भावाने विकली गेली होती, तरी ती जप्ती न्यायालयाने योग्य ठरवली.

पहिल्या लिलावाची नोटीस निघाल्यापासून विक्रीपर्यंत किमान ३० दिवस मिळतात. तो लिलाव फसून दुसरा काढला तर पंधराच. वस्तीची चौकशी करायची ती या दिवसांत. बहुतेक लोक हे दिवस पैसे जमवण्यात घालवतात आणि मालमत्ता बघायला फक्त बँकेने दिलेल्या पाहणीच्या दिवशी जातात. मी उलट सांगेन. पैसे हाताशी नसतील तर या वाटेला जाऊच नये, आणि असतील तर महिना सगळा पायपिटीत घालवावा.

पायपिटीची सुरुवात कागदापासून. शहरात मालमत्ता पत्रक, गावात सातबारा. सातबाऱ्यावर लोक नाव पाहतात, क्षेत्र पाहतात आणि मिटतात. वाचायचा तो ‘इतर हक्क’ हा रकाना. तिथे बँकेचा बोजा असतोच, पण त्याखाली कधी ‘कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असते, कधी ‘पुनर्वसनासाठी राखीव’, कधी बहिणींची नावे, कधी विहिरीच्या पाण्याचा हिस्सा, कधी वहिवाटीचा रस्ता. वर भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही आणि ती परवानगी फुकट मिळत नाही. कंसात टाकलेले नाव आणि त्यापुढचा फेरफार क्रमांक दिसला की तो फेरफार काढावा. जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशी गेली, याची खरी गोष्ट फेरफाराच्या नोंदवहीत असते. सातबारा हा तिचा फक्त शेवटचा परिच्छेद. सिडकोची जागा असेल तर मुळात ती भाडेपट्ट्याची, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तोही ९५ वर्षांच्या पट्ट्याचा, आणि दोन्हींकडे हस्तांतर शुल्क भरावे लागते. लिलावाच्या किमतीत ते धरलेले नसते. दुय्यम निबंधकाकडचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्यावा. बँकेने कर्ज देताना केलेला शोध अहवाल आहे म्हणून स्वतःचा टाळू नये, कारण तो शोध त्या तारखेला संपला.

दुसरा कागद नगररचनेचा. विकास आराखड्यातला भाग नकाशा आणि झोन दाखला महापालिकेत किंवा नगररचना कार्यालयात अर्ज करून मिळतो. घर कायदेशीर, मालकी स्वच्छ, आणि वरून बारा मीटरचा रस्ता आखलेला, हे शहरांत नवे नाही. आरक्षणाकडे दुर्लक्ष केले की काय होते, याचे मोठे उदाहरण नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, लोक वर्षानुवर्षे राहिले, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश निघाला. तिथे बनावट परवानग्यांच्या जोरावर महारेराची नोंदणीसुद्धा मिळवली होती. म्हणजे महारेराचा क्रमांक दिसला म्हणून निर्धास्त व्हायची सोय राहिली नाही. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र या दोन्हींचे क्रमांक घेऊन महापालिकेत जावे आणि मूळ नोंद आपल्या डोळ्यांनी पाहावी. समुद्रकिनाऱ्याला तर आणखी सावध. किहीमचा हिरेव्यापारी नीरव मोदींचा बंगला सक्तवसुली संचालनालयाने जप्त केला होता. तो विकून वसुली करता आली असती असे कोणालाही वाटेल. पण किनारा नियमनाचा भंग करून तो बांधला होता, म्हणून ८ मार्च २०१९ रोजी रायगड जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून जमीनदोस्त केला. सरकारी जप्तीमुळे बांधकाम नियमित होत नाही, बँकेच्या लिलावाने तर नाहीच.

पाण्याचा प्रश्न वेगळा काढून सांगायला हवा, कारण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घराची किंमत सर्वांत जास्त कशाने बदलली असेल तर पुराने. जलसंपदा खाते नद्यांच्या निळ्या आणि लाल पूररेषा आखते. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नकाशावर त्या पाहाव्यातच, पण खरी रेषा माणसांच्या बोलण्यात असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. या दोन्ही गावांतला रिक्षावालासुद्धा किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी शिरते हे सांगतो. ‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’ एवढा एक प्रश्न तीन दुकानदारांना विचारा. तिघे भिंतीवर हात ठेवून दाखवतील, आणि तिघांचे हात एका उंचीवर आले तर उत्तर मिळाले. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याच्या विसर्गाने घराघरांत पाणी घुसले. त्याच सोसायट्यांतला तळमजल्याचा फ्लॅट उन्हाळ्यात लिलावात निघाला, तर बँकेच्या पाहणीच्या दिवशी तुम्हाला काय दिसणार? ताजा रंग. म्हणून पाहणी शक्यतो पावसाळ्यात करावी. जमत नसेल तर पार्किंगच्या भिंतीवर, मीटरच्या खोक्यावर, लिफ्टच्या दारावर पाण्याची रेघ शोधावी. पुरानंतर मीटर वर सरकवलेले असतात, ही खूण सहसा चुकत नाही. उलट बाजूला टंचाई. पुण्यामुंबईच्या कडेची कित्येक संकुले बारा महिने टँकरवर जगतात. सोसायटीच्या जमाखर्चात टँकरची रक्कम किती, हे पाहिले की घराचा खरा मासिक खर्च कळतो.

सोसायटी हे वस्तीच्या चौकशीतले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरले जाणारे ठिकाण. सेक्रेटरी पहिल्या भेटीत बोलत नाहीत. बँकेचा आणि कर्जदाराचा वाद आपल्या अंगावर नको, असे त्यांना वाटते. पण ‘थकबाकी भरायची तयारी आहे, आकडा सांगा’ म्हटले की वही उघडते. महिना अडीच हजार देखभाल पाच वर्षे थकली असेल तर मुद्दल दीड लाख. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटी थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते, म्हणजे आणखी पाऊण लाखाच्या वर. सव्वादोन लाख तिथेच. त्याच वहीत इतर किती सभासद थकलेले आहेत हे दिसते, आणि एखाद्या इमारतीत पाच-सहा घरे एकाच वेळी बँकांच्या नोटिशीखाली असतील तर प्रश्न त्या कर्जदारांचा नसून इमारतीचा असू शकतो. भाग दाखला कोणाकडे, जमिनीचे मानीव अभिहस्तांतरण झाले का, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, झाला असेल तर बिल्डर कोण, हे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात असते. मुंबई शहरात इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची, तर गणित आणखी वेगळे. मग वॉचमन. कर्जदाराचे कुटुंब राहते की भाडेकरू ठेवला आहे, भाडेकरू कधीपासून, दिवे लागतात का, दूध कोणाच्या नावाने येते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्याच्याशी चहा प्यायल्याने बँकेच्या पाहणीपेक्षा जास्त कळते.

वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी, विक्रीकर यांची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल होते का, हा प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टात फिरला. विजेच्या बाबतीत मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर जुने बिल नव्या मालकाकडून मागता येते. करांच्या बाबतीत ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात, केंद्रीय नोंदणीत तारण नोंदवलेल्या बँकेचा हक्क राज्याच्या थकीत करांपेक्षा वरचढ ठरवला. पण त्यामुळे घेणारा आपोआप सुटतो असे समजू नये. जप्तीची नोंद आधीपासून होती आणि तुम्ही ‘जसे आहे’ तत्त्वावर घेतले, तर भांडण तुमच्या दारात येते. कारखाना किंवा गाळा घेणाऱ्याने जीएसटी कार्यालय, भविष्य निर्वाह निधी आणि महावितरण ही तीन दारे ठोठावल्याशिवाय बोली लावू नये.

आता ताब्याकडे वळू. माझ्या दृष्टीने सगळ्या आढाव्यात वजनदार गोष्ट हीच. नोटिशीच्या एका कोपऱ्यात ‘ताब्याचा प्रकार’ असे लिहिलेले असते आणि त्यासमोर ‘सांकेतिक’ किंवा ‘प्रत्यक्ष’. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर कागद चिकटवला, फोटो काढला आणि परत गेली. कुटुंब आत आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे किंवा मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्याकडे कलम १४ खाली अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यासाठी तीस आणि फार तर साठ दिवस सांगितले आहेत, प्रत्यक्षात ते किती लांबते हे ज्याने अर्ज केला त्याला विचारा. आणि आत पागडीचा किंवा भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला जुना भाडेकरू असेल, तर बँकसुद्धा त्याला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढू शकत नाही. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले. लिलावाने मालकी मिळते, किल्ली मिळेलच असे नाही. नागपाड्यात दाऊद इब्राहिमच्या टोळीशी जोडलेले १४४ चौरस फुटांचे एक दुकान आयकर खात्याने २००१ मध्ये लिलावात काढले. उत्तर प्रदेशातल्या एका व्यापाऱ्याने ते दोन लाखांना घेतले. त्याच्या नावावर नोंदणी झाली ती डिसेंबर २०२४ मध्ये, आणि तेव्हाही ताबा मिळणे बाकीच होते. तेवीस वर्षे त्याच्याकडे होता तो कागद.

त्याच टोळीच्या मालमत्तांच्या लिलावांतून वस्तीचे ज्ञान म्हणजे काय हेही कळते. भेंडीबाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरचे रौनक अफरोज हॉटेल २०१५ मध्ये ४ कोटी २८ लाखांच्या बोलीवर सुटले, पण बोली लावणाऱ्याला उरलेली रक्कम उभी करता आली नाही आणि अनामत गेली. २०१७ मध्ये ते पुन्हा निघाले आणि सैफी बुरहाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने ४ कोटी ५३ लाखांना घेतले, शेजारच्या आणखी दोन मालमत्तांसह एकूण ११ कोटी ५८ लाखांत. हाच ट्रस्ट भेंडीबाजाराचा समूह पुनर्विकास करत होता. आजूबाजूच्या इमारती, त्यांचे भाडेकरू, गल्ल्यांची रुंदी, सगळे त्याच्या नकाशात आधीच होते. बाकीच्यांसाठी ती दाऊदची जागा होती, ट्रस्टसाठी आपल्या नकाशातली उरलेली चौकट. नाहीतर खेड तालुक्यातल्या मुंबकेला जानेवारी २०२४ मध्ये काय झाले पाहा. दाऊदच्या नावाशी जोडलेला १७१ चौरस मीटरचा तुकडा, राखीव किंमत १५ हजार ४४०, आणि बोली गेली २ कोटी १ लाखावर. ही किंमत जमिनीची नव्हे, नावाची. अशा लिलावाचा भाव बाजारभाव धरून शेजारच्या जमिनीचा हिशेब करू नये.

भावाचे म्हणाल तर राखीव किंमत हा आधार धरू नये, रेडी रेकनरही धरू नये. राखीव किंमत बँकेच्या मूल्यांककाची, रेडी रेकनर मुद्रांक वसुलीसाठीचा. खरा भाव सूची क्रमांक २ मध्ये सापडतो, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांच्या यादीत. ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याच इमारतीतले आणि समोरच्या दोन इमारतींतले गेल्या वर्षभराचे व्यवहार काढावेत, त्यातून थकबाकी, मुद्रांक, दुरुस्ती, वकील आणि सहा महिन्यांचे अडकलेल्या पैशाचे व्याज वजा करावे. जो आकडा उरेल त्याच्या वर हात उचलू नये, समोरचा कितीही चढला तरी. ई-लिलावात शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. या वाढीव मिनिटांत भली भली माणसे आपला आकडा विसरतात. आणखी एक अडचण म्हणजे, घर मुद्रांकाच्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त स्वस्तात मिळाले तर आयकर खाते फरकाला तुमचे उत्पन्न म्हणू शकते. लिलावाला हे लागू व्हावे का यावर वाद आहेत, पण नोटीस आली तर वाद तुम्हालाच घालावा लागेल. तेव्हा सीएला आधी विचारावे. पन्नास लाख किंवा वरचा व्यवहार असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारीही घेणाऱ्याचीच.

विक्री झाल्यावर ती टिकते का? पूर्वी ही मोठी धाकधूक होती. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणाने ती बरीच कमी केली. नवी मुंबईतल्या मालमत्तेची बोली १०५ कोटींवर सुटली होती. त्यानंतर कर्जदाराने १२९ कोटी भरून ती सोडवायची तयारी दाखवली आणि उच्च न्यायालयाने होकारही दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की तारण सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, असा निकाल झाला. म्हणजे प्रामाणिक बोलीवाल्याची बाजू भक्कम झाली. पण बँकेने नोटिशीचे दिवस चुकवले, नोटीस नीट बजावली नाही, तर विक्री आजही रद्द होऊ शकते. कर्जदाराला न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात. म्हणून प्राधिकृत अधिकाऱ्याकडे मागणी नोटीस, ताब्याची नोटीस, वर्तमानपत्रातली प्रसिद्धी आणि चालू दाव्यांची यादी मागावी. दाखवायला टाळाटाळ झाली तर त्यातच उत्तर आले.

लिलावाच्या घराबद्दल आपल्या मनात एक जुनी अढी आहे, ती निव्वळ अंधश्रद्धा नव्हे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जे दंगे पेटले, त्यामागे सावकारांचे हुकूमनामे आणि त्यावरून हातची जाणारी जमीन होती. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. आजही खेड्यात शेजाऱ्याच्या शेताच्या लिलावात गावचा माणूस बोली लावत नाही, लावली तर रस्ता आणि पाणी दोन्ही अडते. शहरात ती लाज उरली नाही, पण मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सहानुभूती बाहेर काढलेल्या कुटुंबाकडेच असते आणि नव्याने येणाऱ्याला पहिली दोन वर्षे ती जाणवते. हाही वस्तीचाच भाग, आणि बोली लावणाऱ्याने तो हिशेबात धरायला हवा.

एवढे सगळे पाहता लिलाव कोणासाठी? ज्याच्याकडे पूर्ण रक्कम स्वतःची आहे, घर वर्षभर हाती आले नाही तरी ज्याचे अडत नाही, आणि जो त्या भागात राहतो किंवा रोज येऊन-जाऊन आहे, त्याच्यासाठी हा चांगला सौदा ठरू शकतो. नागपुरात बसून पनवेलच्या फ्लॅटवर बोली लावणाऱ्यासाठी नाही. पहिलेच घर घेणाऱ्या, भाडे आणि हप्ता दोन्ही भरत बसणाऱ्या तरुण जोडप्यासाठी तर मुळीच नाही. आणि नोटिशीत ताब्यासमोर ‘सांकेतिक’ लिहिलेले दिसले, तर तुमच्या हाताशी वकील, वेळ आणि तिप्पट धीर असल्याशिवाय पान उलटा.